बाम रवाळ होतोय? टाकायच्या आधी बोटावर घेऊन बघा

शिवरात्र उलटली की हा प्रश्न सुरू होतो. थंडीत मेण, बटर आणि तेल वितळवून केलेला ओठांचा, टाचांचा बाम तेव्हा चांगला मऊसूत होता, आता डबी उघडली तर आत बारीक बारीक दाणे, बोट फिरवलं की खरखर लागतंय, ताई खराब झाला का, टाकून देऊ का? विचारणाऱ्या बहुतेक जणी घरच्याघरी करून पाहुण्यांना, मैत्रिणींना देणाऱ्या, नाहीतर बचत गटाच्या स्टॉलवर विकणाऱ्या. शिया बटर (शिया नावाच्या आफ्रिकी झाडाच्या बियांचं घट्ट तेल) काय आणि चांगलं मेण काय, दोन्ही स्वस्त नाही, त्यामुळं "टाकून देऊ का" हे विचारताना जीव किती कासावीस होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. लांबेल, पण मधलं सोडून थेट उपायावर जाऊ नका, कारण प्रत्येक रवा एका जातीचा नसतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर चांगला माल वाया जातो.

तर आधी टाकू नका. बहुतेक वेळा रवाळ झालेला बाम अजिबात खराब झालेला नसतो, त्याचा गुण कमी होत नाही, त्वचेला त्याचा काही त्रास नाही, फक्त हाताला लागायला नको वाटतो एवढंच.

दाणे दिसतायत तिथला थोडा बाम नखानं काढा आणि दोन बोटांत धरून हळू चोळा, घाई न करता, आठ-दहा सेकंद तरी. दाणा अंगाच्या उबेनं विरघळून गेला, मागं नुसतं तेल राहिलं, तर तो बटरचा रवा, म्हणजे शिया, आंब्याचं बटर, कोको, कोकम यातल्या कशाचा तरी. दाणा विरघळत नाही पण दाबला की चपटा होतो, चिकट पापडी बनते, तर तो मेणाचा. विरघळत नाही, चपटाही होत नाही, नुसता कचकचतो, तर ती पावडर, हळद म्हणा, झिंक ऑक्साइड म्हणा, मुलतानी माती म्हणा. वरच्या थरावर सुईसारखे चकाकणारे टोकदार कण असतील आणि चोळल्यावर गार लागत असेल तर ते पुदिन्याचं फूल, म्हणजे मेन्थॉल. आणि दाणे नाहीतच, बारीक थेंब आहेत, चोळल्यावर ओलं लागतंय आणि तेलात मिसळत नाही, तर आत पाणी गेलंय, आणि या शेवटच्या प्रकारात मात्र काळजी करायची, त्याचं खाली सांगते.

वास पण घ्या. जुन्या शेंगदाण्याचा येतो तसा खवट वास येत असेल तर रवा असो नसो, ते तेल गेलेलं आहे, वितळवून परत करण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात जास्त सापडणारा तो बटरचा रवा. हा का होतो ते कोल्हापुरात सांगायला फार लांब जावं लागत नाही, कारण आपल्याकडं रवाळ तूप सगळ्यांना माहीत आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारी माणसं आपण, तुपाला रवा आला नाही तर घरात सासूबाई नाक मुरडतात. तूप कढवून गाळलं, ओट्यावर झाकून ठेवलं, कुणी हात लावला नाही, रात्रभर सावकाश गार झालं की सकाळी सुंदर कणीदार तूप मिळतं. तेच गरम तूप लगेच फ्रिजमध्ये टाकलं तर ते एकसारखं घट्ट गुळगुळीत होतं, रवा जवळजवळ येतच नाही. तूप तेच, फरक फक्त गार होण्याच्या वेगाचा. बामचं अगदी हेच आहे, तुपात जो रवा आपल्याला हवा असतो तोच बाममध्ये नको असतो, म्हणून तुपाला जे करतो त्याच्या बरोबर उलट बामला करायचं.

आत नेमकं काय होतं? शिया बटर हा एकच पदार्थ दिसत असला तरी त्यात वेगवेगळ्या जातीचे फॅट एकत्र नांदत असतात. काही कडक, ज्यात स्टिअरिक अॅसिड जास्त, ते जास्त उष्णतेला वितळतात आणि गार होताना सगळ्यात आधी थिजतात. काही मऊ, ज्यात ओलिक अॅसिड जास्त, ते खूप उशिरा थिजतात किंवा आपल्या हवेत पूर्ण थिजतच नाहीत. हे दोन भाग इतके वेगळे असतात की शियातला कडक भाग कारखान्यात वेगळा काढून चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला वापरतात. आता गरम बाम सावकाश गार व्हायला लागला की कडक फॅटचे कण आधी जमतात, आजूबाजूला सगळं अजून पातळ असतं म्हणून त्यांना हिंडायला फिरायला जागा आणि वेळ दोन्ही मिळतात, एकाला एक चिकटत ते मोठे होतात, आणि मग उरलेला मऊ भाग त्यांच्या भोवती थिजतो. तोच तो दाणा. झटकन गार केलं तर असंख्य बारीक कण एकदम तयार होतात, कुठलाच मोठा होऊ शकत नाही, आणि जिभेला बोटाला ते वेगळे कळतच नाहीत.

कोको बटरचं अजून एक आहे. ते सहा वेगवेगळ्या प्रकारांनी स्फटिक धरू शकतं आणि प्रत्येक प्रकाराचा वितळायचा अंश वेगळा. चॉकलेट करणारे लोक टेम्परिंग करतात ना, गरम गार गरम, ते त्यातला पाचवा प्रकार मिळवायला, जो साधारण ३४ अंशाला वितळतो आणि चकचकीत राहतो. घरी बाम करताना एवढं करत बसायची गरज नाही, पण कोको बटर जास्त घातलेला बाम महिन्याभरानं आपोआप पांढरट, खडबडीत का होतो याचं कारण इथं आहे, आतले कण सावकाश आपला प्रकार बदलत असतात.

आता मुद्दा आपल्या हवेचा, आणि माझ्या मते निम्मी गडबड इथंच आहे. नेटवर ज्या रेसिपी मिळतात त्या बऱ्याचशा थंड देशांतल्या, तिथं लिहिलेलं असतं की डब्या भरून टेबलावर ठेवा, तासाभरात सेट होतील. तिथं खोलीतच १८-२० अंश असतात, होतात सेट. आपल्याकडं एप्रिलात दुपारी पारा ३७-३८ ला जातो, स्वयंपाकघरात गॅस चालू असला तर बघायलाच नको, आणि शिया आंबा ही बटरं साधारण ३२ ते ३८ अंशाच्या आसपास वितळणारी. म्हणजे तुमच्या ओट्यावर ते धड थिजतही नाही आणि धड पातळही राहत नाही, तासन्तास मधल्यामध्ये लोंबकळत राहतं, आणि रवा वाढायला यापेक्षा चांगली परिस्थिती दुसरी नाही.

पण सगळ्यात जास्त तक्रारी मे महिन्यात येत नाहीत, त्या येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि याचं बऱ्याच जणींना आश्चर्य वाटतं. कारण तेव्हा दुपारी ३२-३३ आणि पहाटे १६-१७ अशी चढउतार असते. दुपारी खिडकीजवळच्या डबीतला मऊ भाग पाघळतो, कडक कण तसेच राहतात, रात्री सावकाश गार होताना त्याच शिल्लक कणांवर अजून थर चढतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. रोज थोडा थोडा दाणा मोठा होत जातो. म्हणजे तुम्ही करताना काहीही चुकलेलं नसताना नुसतं ठेवण्यानं बाम रवाळ होऊ शकतो. टू-व्हीलरच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, पर्समध्ये घालून दुपारी महाद्वार रोडला खरेदी, सगळीकडं हाच प्रकार. आणि ज्यांच्या बाममध्ये खोबरेल जास्त त्यांचं थंडीत वेगळं दुखणं, खोबरेल २४-२५ अंशाला थिजतं, म्हणून डिसेंबरात पहाटे घट्ट आणि दुपारी पातळ, बाटलीत दिसतं तसंच डबीत.

रवाळ झालेला बाम नीट करायचा असेल तर असं करा. सगळा बाम डब्यांतून काढून एका स्टीलच्या भांड्यात घ्या, ते भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद गॅसवर वितळवा, थेट आचेवर नको. भांडं आणि चमचा पूर्ण कोरडा पाहिजे, हे मी परत परत सांगणार आहे. वितळून पातळ झालं की लगेच उतरवायचं नाही, इथं बऱ्याच जणी घाई करतात, वरून पातळ दिसतंय म्हणजे झालं असं वाटतं, पण तळाशी, कडेला न वितळलेले कडक कण राहिलेले असतात आणि गार होताना तेच बी होतात, त्यांच्यावर नवा रवा धरतो. म्हणून ७० ते ७५ अंशाला १०-१५ मिनिटं तसंच राहू द्या, अधूनमधून हलवा, कडा खरवडून घ्या. थर्मामीटर असेल तर उत्तम, साधा स्वयंपाकघरातला चालतो, नसेल तर तेल आरपार स्वच्छ दिसायला लागल्यावर त्यापुढं दहा-पंधरा मिनिटं मोजा. काही ठिकाणी ८० अंशाला अर्धा तास ठेवा असं सांगतात, ते केलं म्हणून काही बिघडत नाही पण मला त्याची गरज वाटत नाही, सगळं पूर्ण वितळलं हे महत्त्वाचं आणि त्याहून महत्त्वाचं ते पुढचं, गार करणं.

आच बंद केल्यावर भांडं बाहेर काढून तळ पुसा, पाण्याचा एक थेंब डबीत जाता कामा नये. मग एका परातीत गार पाणी आणि बर्फ घेऊन त्यात भांड्याचा तळ टेकवा आणि स्पॅच्युलानं सतत हलवत राहा, कडा सारख्या सोडवत. एक-दोन मिनिटांत बाम किंचित धुरकट, दाटसर व्हायला लागेल, तोच क्षण, लगेच डब्यांत ओता. फार दाट होऊ दिला तर ओतताना वर उंचवटे येतात, पण त्याचा वापराशी काही संबंध नाही, फक्त दिसायला. सुवासिक तेल घालायचं असेल तर हलवताना इथं घाला, आधी गरमात घातलं तर वास उडून जातो, आणि जुना बाम वितळवताय तर आधीचा वास बराच गेलेला असतो म्हणून थोडं नव्यानं घालावं लागतं.

डब्या भरल्या की सरळ फ्रिजमध्ये. एकावर एक रचू नका, स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटता मांडा, म्हणजे सगळीकडून गारवा लागतो. २०-२५ ग्रॅमच्या अॅल्युमिनियमच्या डब्यांना अर्धा-पाऊण तास पुरतो. काचेची बाटली किंवा जाड प्लॅस्टिकची डबी असेल तर आतली ऊब बाहेर निघायला वेळ लागतो, मधला गाभा सावकाश गार होतो, म्हणूनच मोठ्या बरणीत वरून छान आणि मधे रवा असं सापडतं. ज्यांना वारंवार हा त्रास होतोय त्यांनी पहिला बदल हाच करावा, काच सोडून छोट्या पत्र्याच्या डब्यांवर यावं, माझ्या मते दुसऱ्या कुठल्याही उपायापेक्षा यानं जास्त फरक पडतो. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर फक्त लहान डब्या आणि थोडाच वेळ, कारण मेण गार होताना आक्रसतं आणि फार झटका दिला तर वर भेग पडते किंवा मधोमध खड्डा पडतो. गरम काच तर फ्रीझरमध्ये अजिबात नको, तडकते.

अजून एक, पावसाळ्यात करणाऱ्यांसाठी खास. गार डबी फ्रिजमधून उघडी बाहेर काढली की आपल्या दमट हवेत बामवर दव जमतं. म्हणून फ्रिजमध्ये असतानाच, आतल्या आत झाकण लावून मग डबी बाहेर घ्या, दव बाहेरच्या पत्र्यावर जमेल, ते पुसलं की झालं. आणि डबी खोलीच्या हवेला येईपर्यंत झाकण उघडू नका.

हे सगळं करूनही परत परत रवा धरत असेल तर मग मापं बघायला लागतील. मी बघितलंय, ज्या बाममध्ये बटर निम्म्याहून जास्त असतं, मेण नावाला असतं, तो कितीही नीट गार केला तरी आपल्या हवेत टिकत नाही. मेण नुसतं घट्टपणासाठी नसतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, म्हणजे बाम गार होताना ते सगळ्यांच्या आधी थिजतं आणि आत एक बारीक जाळी तयार करतं, तेल आणि बटर त्या जाळीत अडकतं, मग बटरच्या कणांना एकत्र यायला वाट राहत नाही. साधं माप म्हणजे एक भाग मेण, एक भाग बटर, तीन भाग तेल. उन्हाळ्यासाठी मेण थोडं वाढवा, शंभर ग्रॅममध्ये २२-२५ ग्रॅमपर्यंत, ओठांच्या बामला ते जास्त घट्ट वाटेल पण टाचांच्या बामला काही हरकत नाही. आणि कोल्हापुरात टाचांचा बामच जास्त जातो, पायात बारा महिने उघडी चप्पल, त्यामुळं भेगा सगळ्यांनाच.

शियाच्या जागी कोकम वापरून बघा असं मी आग्रहानं सांगते, नुसतं जवळचं आहे म्हणून नाही. गगनबावडा उतरलं, फोंडा घाट उतरलं की कोकमचीच झाडं, आणि त्या बियांचं तेल, ज्याला तिकडं मुठेल म्हणतात, ते भेगांवर लावायची पद्धत आपल्या आज्यांपासून चालत आलीय. त्यात स्टिअरिक अॅसिडचं प्रमाण खूप जास्त, निम्म्याच्या आसपास आणि वर, ते साधारण ३८ ते ४२ अंशाला वितळतं आणि त्यातले फॅट शियापेक्षा एकसारखे, त्यामुळं आपल्या दुपारला ते सहज पाघळत नाही. पाघळलंच नाही तर परत थिजून रवा धरायचा प्रश्न कमी होतो. मात्र भरपूर तेलात थोडंसं कोकम घालून सावकाश गार केलं तर त्यालाही दाणा येतो, हे पण लक्षात ठेवा. आणि ते कडक असतं, शियाएवढंच घातलं तर बाम ठिसूळ होतो, म्हणून कमी घ्या, शिया वीस ग्रॅम असेल तिथं कोकम बारा-तेरा ग्रॅम घेऊन बाकी तेल.

घरगुती मुठेल आणलं असेल तर एक काम जास्त करा. जुन्या पद्धतीनं ते बिया कुटून पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढून हातानं वळतात, त्यात थोडं पाणी आणि बियांचे कण राहतात. आधी एकटंच वितळवून, बुडबुडे आणि तडतड पूर्ण थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवून, सुती फडक्यातून गाळून घ्या आणि मगच बाममध्ये वापरा.

मेणाच्या दाण्याचं कारण वेगळं आहे आणि ते लगेच सापडतं. वितळलेल्या गरम मेणात गार तेल ओतलं की मेण जागच्या जागी थिजतं, बारीक पापड्या होतात, नंतर कितीही हलवलं तरी त्या वितळल्याशिवाय जात नाहीत. फ्रिजमधलं शिया शेवटी ढकललं तरी तेच. म्हणून तेल आणि मेण सुरुवातीपासून एकत्र गरम करा, किंवा तेल वेगळं ६५-७० अंशाला आणून मग मिसळा. बटर शेवटी घाला म्हणजे त्याचे गुण टिकतात असं सगळीकडं लिहिलेलं असतं, पण शेवटी घातलेलं बटर अर्धवट वितळतं आणि त्यातले कडक कण बी म्हणून शिल्लक राहतात, तिथून रव्याचा त्रास सुरू होतो. १०-१५ मिनिटं ७० अंशाला ठेवल्यानं शियाचं असं काही मोठं नुकसान होत नाही. घालायचंच असेल शेवटी, तर परत पूर्ण स्वच्छ पातळ होईपर्यंत थांबा.

भुदरगड तालुक्यात पाटगावला, ज्याला मधाचं गाव म्हणतात, तिथं किंवा महाबळेश्वरकडं जाऊन कच्चं मेण आणणाऱ्यांनी ते धुवून घ्यावं. पातेल्यात भरपूर पाणी, त्यात मेण टाकून वितळवायचं, फडक्यातून गाळायचं, तसंच गार होऊ द्यायचं, वर वडी जमते, तिच्या खालच्या बाजूला काळपट गाळ चिकटतो तो सुरीनं खरवडायचा. मग ती वडी पुसून, एक दिवस वाळवून, परत कोरडी वितळवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. हे केलं नाही तर पोळ्याचे कण आणि पाणी दोन्ही बाममध्ये येतात आणि तुम्ही शियाला दोष देत बसता.

पावडरचा प्रश्न साधा आहे. हळद, झिंक ऑक्साइड तेलात पूर्ण विरघळत नाही, गरम पातळ बाममध्ये घातलं की तळाशी बसतं. खलात थोड्या एरंडेलात घोटून गुठळी मोडा आणि बाम दाटसर होत आला की मगच मिसळा. हळदीपुरतं तर मी म्हणेन तेलात मुरवून गाळून घेतलेली बरी.

पुदिन्याच्या फुलाच्या सुया सर्दीच्या बाममध्ये येतात. ते ४२-४३ अंशाला वितळतं आणि तेलात विरघळतं, पण प्रमाण जास्त झालं तर थंडीत बाहेर पडून वर सुया धरतं. अमृतधारा करताना कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल एका बाटलीत ठेवलं की आपोआप पाणी होतं ना, तीच युक्ती इथं वापरायची, पुदिन्याचं फूल एकटं न घालता कापराबरोबर आधी पातळ करून घ्यायचं आणि मग गार होत आलेल्या बाममध्ये मिसळायचं. पण प्रमाण कमीच ठेवा, आणि लहान बाळांसाठीच्या बाममध्ये कापूर आणि पुदिन्याचं फूल दोन्ही नको.

आता पाण्याचं. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, मध, हे घालायचा मोह सगळ्यांना होतो कारण ऐकायला छान वाटतं. तेला-मेणाच्या बाममध्ये ते मिसळत नाही, थेंब थेंब होऊन बसतं, आणि कोरफड, गुलाबपाण्याच्या त्या थेंबात बुरशी धरते. अशा बामवर हिरवट काळा ठिपका दिसला, आंबूस वास आला, तर तो वरून खरवडून वापरू नका, सगळा टाका, इथं मी जराही सवलत देणार नाही. ठिपका नाही, वास चांगला आहे, नुकताच केलाय, तरी मी तो दुसऱ्या कुणाला देणार नाही, स्वतः चार दिवसात फ्रिजमध्ये ठेवून संपवा. कोरफड हवीच असेल तर तो क्रीमचा विषय आहे, त्याला प्रिझर्वेटिव्ह लागतं.

आणखी एक समज खोडून काढते, व्हिटॅमिन ई घातलं की रवा येत नाही असं सांगतात. व्हिटॅमिन ईमुळं तेल खवट व्हायला उशीर लागतो, रव्याशी त्याचा संबंध नाही. तसंच रवा आला म्हणजे शिया भेसळीचं होतं असंही नाही, घाना, बुर्किना फासोकडून इथपर्यंत कंटेनरमध्ये तापत गार होत आलेलं अस्सल शिया पुष्कळदा रवाळच हातात पडतं. दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी वितळवून, झटकन गार करून बघा.

विकणाऱ्यांनी एवढं जरूर करा, बाम केला की लगेच स्टॉलवर नेऊ नका, आठवडाभर थांबा, कारण रवा बऱ्याचदा उशिरा दिसतो. प्रत्येक बॅचमधल्या दोन डब्या बाजूला काढा, एक तशीच कपाटात, दुसरी दिवसा उन्हाच्या खिडकीत आणि रात्री आत, असं चार-पाच दिवस. दुसरी टिकली तर ती बॅच जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या उन्हातसुद्धा टिकेल. बॅच नंबर डबीवर टाका आणि वहीत मेण, बटर, तेल, कुठल्या महिन्यात केलं, कशात गार केलं ते लिहा, नाहीतर तक्रार आली तर शोधणार कशात. विकण्यासाठी बाम करायला लायसन्स लागतं, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली, आणि लेबलवर बॅच नंबर त्यातही मागतात, म्हणजे ही सवय दोन्हीकडं कामाला येते.

पुण्या-मुंबईला पार्सल पाठवताना एप्रिल-मेमध्ये शियाचा बाम मी पाठवूच नका म्हणेन, कोकम आणि जास्त मेणाचा पाठवा. पाठवायचाच असेल तर रात्रीच्या गाडीनं पाठवा, दुपारभर पार्सल ऑफिसात पत्र्याखाली पडून राहणार नाही असं बघा, आणि आत एक चिठ्ठी घाला की दाणे दिसले तर माल खराब नाही, तळहातावर घासून लावा. ही चिठ्ठी मिळालेली गिऱ्हाइकं डबी परत पाठवत नाहीत.

वितळवून परत करणं एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक वेळी तेल तापतं, हवा लागते, खवट व्हायची वाट जवळ येते, करडईच्या तेलाचा बाम असेल तर लवकरच, तिळाचा किंवा एरंडेलाचा थोडा जास्त सोसतो. दोनदा करूनही रवा राहिला तर तो बाम चेहऱ्याला, ओठांना न देता टाचांना ठेवा, रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून, पुसून, रव्यासकट चोळून मोजे घाला, दाणे तिथल्या तिथं विरघळतात.